पट्टीवरून पॅनलवर... रायपूरचा सट्टा दुबईला पोचतो तेव्हा!

नागपूरहून हावडा लाइनच्या गाडीत बसलं की भंडारा, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई अशी स्टेशनं मागे टाकत पाचेक तासांत रायपूर येतं. फेब्रुवारी २०२३मध्ये मात्र काही वऱ्हाडी मंडळी उलट्या दिशेने नागपूरला पोचली आणि तिथून खास भाड्याने घेतलेल्या विमानांनी थेट संयुक्त अरब अमिरातीला उडाली! निमित्त लग्नाचं. नवरा मुलगा भिलाईचा, मांडव रास अल खैमाह या समुद्रकाठच्या अमिरातीत. खर्च? अंमलबजावणी संचालनालयाच्या, म्हणजेच 'ईडी'च्या म्हणण्यानुसार सुमारे २०० कोटी रुपये, आणि तोही रोखीत. त्यातले ११२ कोटी हवालामार्गे कार्यक्रमाची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीकडे गेले आणि ४२ कोटींची हॉटेलची बिलं दिरहॅमच्या नोटांनी चुकती झाली, असं ईडीने सप्टेंबर २०२३मध्ये जाहीर केलं. हिंदी सिनेमातले ओळखीचे चेहरे तिथे नाचले-गायले, त्याच्या चित्रफिती घराघरांतल्या मोबाइलवर फिरल्या.

हा नवरा मुलगा म्हणजे सौरभ चंद्राकर. पूर्वी भिलाईच्या नेहरूनगरात त्याचं फळांच्या रसाचं दुकान होतं, असं सांगितलं जातं. त्याचा भागीदार रवी उप्पल हाही भिलाईचाच. ज्या भिलाईचं नाव आपण शाळेच्या भूगोलात पोलादाच्या कारखान्यासाठी पाठ केलं, ते नाव आता 'महादेव ऑनलाइन बुक' या सट्ट्याच्या जाळ्यासाठी देशभर घेतलं जातं. भिलाईपासून रायपूर जेमतेम तीस किलोमीटर. या प्रकरणाचा तपास रायपूरच्या कार्यालयातून चालला, खटला रायपूरच्या विशेष न्यायालयात उभा राहिला. बेकायदा कमाईचा ईडीचा अंदाज आहे सुमारे सहा हजार कोटींचा!

ही नुसती दोन हिकमती पोरांची गोष्ट असती तर वर्तमानपत्रांच्या बातम्यांवर भागलं असतं. पण या जाळ्याचे धागे विदर्भातून जुन्नर तालुक्यापर्यंत आले आहेत, आणि त्यात अडकलेली बहुतेक मुलं तुमच्या-आमच्या घरातल्यासारखी आहेत. म्हणूनच हा खेळ चालतो कसा, ते जरा नीट पाहायला हवं.

खाईवाल आणि त्याची पट्टी

रायपूरला सट्टा नवा नाही. आपल्याकडे ज्याला 'आकडा' म्हणतात, त्याला तिकडे 'सट्टा-पट्टी' म्हणतात. कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा आणि रक्कम लिहून घ्यायची, ती पट्टी. पैसे घेऊन जोखीम अंगावर घेणारा, म्हणजे आपला बुकी, तो 'खाईवाल'. किती नेमका शब्द आहे पाहा! लोक लावतात आणि हा खातो. दिवाळीत पत्त्यांचे फड बसतात, पोलीस दर वर्षी धाडी घालतात, दुसऱ्या दिवशी जप्त रकमेचे आकडे छापून येतात. खाली बस्तरच्या आठवडी बाजारात कोंबड्यांच्या झुंजी लागतात. कोंबड्याच्या पायाला धारदार पातं बांधलेलं, भोवती गोल करून उभी माणसं आणि हातांत नाचणाऱ्या नोटा.

मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. रायपूर तसं आपलं जुनं नात्यातलं गाव. अठराव्या शतकाच्या मध्यापासून हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. तिथे तात्यापारा नावाची वस्ती आहे, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. आणि सट्ट्याच्या बाबतीत तर गुरुकुल मुंबईचंच! न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईला यायचे, त्यांच्यावर लोक पैसे लावायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद पडलं, तेव्हा कल्याणजी भगत यांनी १९६२मध्ये आणि रतन खत्री यांनी १९६४मध्ये आपापला मटका सुरू केला. मडक्यातून पत्ते काढायचे, तीन पानांच्या बेरजेचा शेवटचा अंक तो आकडा. एकदा 'ओपन', एकदा 'क्लोज', दोन्ही मिळून 'जोडी'. मुंबईतल्या कित्येक गिरणी कामगारांचा पगार या मडक्यात गेला. खत्री मे २०२०मध्ये वारले, पण आकड्यांची ही भाषा महाराष्ट्राच्या सीमा ओलांडून कधीच बाहेर पडली होती.

मटक्याचा हिशेब मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढचं सारं त्यातूनच कळतं. आकडे शून्य ते नऊ, म्हणजे दहा. लागला तर रुपयाला मिळतात साधारण नऊ. जोड्या शंभर, लागली तर रुपयाला फार तर नव्वद. म्हणजे दहा माणसांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर रुपया-रुपया लावला, तर खाईवालाकडे दहा जमले आणि नऊ त्याने परत केले. एक त्याचा. लबाडी करायची गरजच नाही! रोज खेळणाऱ्याचा रुपया अशा रीतीने दर फेरीला दहा पैशांनी झिजत जातो. अधूनमधून लागलेल्या आकड्याच्या आनंदात ही झीज दिसत नाही, एवढंच.

क्रिकेटचा सट्टा दिसायला याहून हुशारीचा. तिथे 'भाव' असतो. एखाद्या संघाचा भाव चाळीस पैसे, याचा अर्थ त्या संघावर रुपया 'लावला' आणि तो जिंकला तर वर चाळीस पैसे मिळणार, हरला तर रुपया गेला. जो त्या संघाच्या विरुद्ध जातो त्याने तो संघ 'खाल्ला'. शिवाय 'सेशन' वेगळं. सहा षटकांत किती धावा, दहात किती, त्यावर हो किंवा नाही. रायपूरजवळच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियममध्ये ३ डिसेंबर २०२५ला झालेला एकदिवसीय सामना आठवा. आपल्या पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने तिथे पहिलं एकदिवसीय शतक काढलं, विराट कोहलीनेही शतक ठोकलं, भारताच्या ३५८ धावा झाल्या, आणि दक्षिण आफ्रिकेने चार चेंडू राखून सामना मारला! मैदानावरच्या आणि घरच्या प्रेक्षकांचा जीव वर-खाली होत होता. अशा सामन्यात ज्याचे पैसे गुंतलेले असतात त्याचं काय होत असेल? भाव षटकाषटकाला पालटतो, आणि प्रत्येक पालटाबरोबर पुन्हा पैसे लावायची संधी समोर येते.

पूर्वी या संधीला वेसण होती. खाईवालाला फोन लागायला हवा, तो ओळखीचा हवा, उधारी ठेवायला त्याचा विश्वास हवा, आणि हिशेब सोमवारी किंवा सामन्यानंतर समोरासमोर. गल्लीत चर्चा व्हायची, कोणीतरी घरी येऊन सांगायचं. मोबाइलने ही सगळी वेसण काढून टाकली.

दोन नंबर आणि एक आयडी

'महादेव'ची पद्धत ईडीने जी सांगितली ती अशी. हे एकच एक अॅप नव्हतं. वेगवेगळ्या सट्टा-संकेतस्थळांना गिऱ्हाईक जोडून देणारी ती जणू एक मोठी छत्री होती. जाहिराती समाजमाध्यमांवर. त्यातला नंबर फिरवला की व्हॉट्सअॅपवर संभाषण सुरू. गिऱ्हाइकाला दोन नंबर मिळायचे, एक पैसे भरून 'पॉइंट' घेण्यासाठी आणि दुसरा जिंकलेले पॉइंट मोडून पैसे घेण्यासाठी. एक आयडी, एक पासवर्ड, झालं! क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, तीन पत्ती, पोकर, इतकंच काय, निवडणुकांच्या निकालांवरही पैसे लावायची सोय.

या सगळ्याचं मुख्यालय अमिरातीत आणि शाखा भारतभर. शाखेला नाव 'पॅनल'. किराणा मालाची किंवा औषधाची एजन्सी घ्यावी तसं हे पॅनल घ्यायचं आणि नफ्याची वाटणी सत्तर-तीस. मालक परदेशात, पॅनल चालवणारी पोरं इथे. खेळ असे बेतलेले की नव्या गिऱ्हाइकाला सुरुवातीला चार पैसे सुटतात, पण एकूण हिशेबात पॅनलचा तोटा होत नाही, असंही तपासात पुढे आलं. मटक्यातला तो दहा पैशांचा सरळ हिशेब इथे खाईवालालाही पुरेसा वाटेनासा झाला म्हणायचा!

पैसे भरायचे ते कुणाच्या खात्यात? चंद्राकरच्या नव्हे, उप्पलच्या तर नव्हेच. ते जातात तुमच्या-आमच्यासारख्या कुणाच्या तरी बचत खात्यात. खातेदाराने आपलं पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम थोड्या पैशांच्या मोबदल्यात देऊन टाकलेलं असतं, किंवा कर्ज मिळवून देतो, नोकरी लावतो असं सांगून त्याच्या कागदपत्रांवर परस्पर खातं उघडलेलं असतं. सकाळी आलेली रक्कम दुपारपर्यंत चार खाती फिरून पुढे गेलेली. खातेदाराला पत्ताही नसतो. पत्ता लागतो तो नोटीस आल्यावर, किंवा बँकेने खातं गोठवल्यावर.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात वाईट गोष्ट २०० कोटींचं लग्न ही नव्हे, हे भाड्याचं पासबुक आहे. लग्न करणारे समुद्रापलीकडे बसले. कागदावर नाव राहिलं ते बेरोजगार पोराचं, रोजंदारीवरच्या बापाचं, कधी आईचं. काळा पैसा कुणाच्या खात्यातून गेला, एवढंच बँकेचं यंत्र नोंदवतं. खातेदाराला त्यातले किती मिळाले, हे त्याला ठाऊक नसतं.

राजकारणाचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो वर्तमानपत्रांत भरपूर आला आहे. ऑगस्ट २०२३मध्ये ईडीने छत्तीसगड पोलिसांतल्या एका सहायक उपनिरीक्षकाला संरक्षणाचा हप्ता घेतल्याच्या आरोपावरून पकडलं. नोव्हेंबरमध्ये विधानसभा निवडणुकीच्या ऐन धामधुमीत एका इसमाकडे ५ कोटी ३९ लाखांची रोकड सापडली. त्याच्या जबाबाच्या आधारे, तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांना 'महादेव'च्या चालकांनी ५०८ कोटी रुपये दिल्याचा दावा ईडीने केला. हा आपल्यावर रचलेला राजकीय डाव आहे, असं बघेल पहिल्यापासून म्हणत आले आहेत. रोकडीसह सापडलेल्या इसमानेही पुढे, आपल्याला गोवण्यात आल्याचं म्हटलं. ५ नोव्हेंबर २०२३ला केंद्राने 'महादेव'सह २२ अॅप आणि संकेतस्थळं बंद केली. निवडणुकीत सत्तापालट झाला, ऑगस्ट २०२४मध्ये नव्या सरकारने तपास सीबीआयकडे सोपवला, मार्च २०२५मध्ये बघेल यांच्या घरीही सीबीआयचे छापे पडले. उप्पल २०२३च्या डिसेंबरात आणि चंद्राकर २०२४च्या ऑक्टोबरात दुबईत ताब्यात घेतले गेल्याच्या बातम्या आल्या. त्यातला उप्पल नंतर तिथून निसटला, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याला शोधून काढा असं ईडीला सांगावं लागलं. कोण दोषी आणि कोण नाही, हे न्यायालय ठरवेल.

गोंदिया ते नारायणगाव

आता जरा आपल्या बाजूला येऊ. रायपूर-नागपूर लोहमार्गावरच्या गोंदियातल्या एका बुकीचं प्रकरण जुलै २०२३मध्ये उघडकीला आलं. नागपूरच्या एका तांदूळ व्यापाऱ्याने तक्रार दिली की ऑनलाइन जुगारात आपले ५८ कोटी रुपये गेले. अठ्ठावन्न कोटी! सुरुवातीला व्यापारी जिंकला होता, नंतर हरतच गेला. हा खेळच मुळी बनावट होता, असा पोलिसांचा आरोप. गोंदियातल्या घरावर छापा पडला तेव्हा कोट्यवधींची रोकड, किलोंनी सोनं आणि त्याहून जास्त चांदी सापडली. व्यापार करणारा, दाण्यादाण्याचा हिशेब ठेवणारा माणूस इतका कसा वाहवला, असं वाटतं ना? पण सट्टेबाजीत गेलेला रुपया परत आणायला माणूस दुसरा रुपया लावतो, आणि मग दोन परत आणायला चार. पहिली पायरी लालसेची असेल, पुढच्या सगळ्या पायऱ्या नुकसान भरून काढायच्या असतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत जुगाराचं व्यसन हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदवलेला आहे. तिथे हिशेबी स्वभाव किंवा शिक्षण फारसं कामाला येत नाही.

आणि नारायणगाव! पुणे-नाशिक रस्त्यावरचं टोमॅटोच्या बाजाराचं गाव, तमाशाची पंढरी. जत्रांच्या हंगामात गावोगावचे पुढारी फडाची सुपारी द्यायला इथे येतात. मे २०२४मध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी तिथल्या एका इमारतीवर छापा घातला आणि 'महादेव'च्या जाळ्यासाठी लॅपटॉप-मोबाइल घेऊन काम करणारी पोरं डझनांनी ताब्यात घेतली. यातले कितीतरी परप्रांतातून आलेले, पगारावर. त्यांच्या लेखी ती नोकरी होती. पाळी ठरलेली, राहायची सोय, जेवण. गिऱ्हाइकाला आयडी द्यायचा, पैसे आले का पाहायचं, पॉइंट चढवायचे. गुन्ह्याचं रूप इतकं कारकुनी झालं आहे की त्यात वावरणाऱ्याला तो गुन्हा वाटेनासा होतो. त्याच्या काही दिवस आधी मुंबई पोलिसांच्या विशेष पथकाने याच प्रकरणात एका अभिनेत्याला पकडलं होतं. कुठे, तर थेट बस्तरच्या जगदलपुरात! म्हणजे मुंबईचा आरोपी बस्तरात आणि पॅनल चालवणारी परप्रांतीय पोरं जुन्नर तालुक्यात.

कायदा कुठवर पोचला?

सरकारं झोपली होती असं म्हणता येणार नाही. पण कायदा बैलगाडीत होता आणि सट्टा विमानात. इंग्रजांनी १८६७मध्ये केलेल्या जुगार कायद्यात जुगाराचा अड्डा चालवणाऱ्याला मूळ दंड होता दोनशे रुपये किंवा तीन महिने कैद. आपल्याकडे मुंबईचा १८८७चा कायदा. दोन्ही कायद्यांच्या डोळ्यांसमोर अड्डा म्हणजे चार भिंतींची खोली. घटनेने जुगार हा विषय राज्यांकडे दिला, त्यामुळे नियमही राज्यागणिक वेगळे. गोव्यात मांडवी नदीवर कॅसिनोची जहाजं तरंगतात, पण खुद्द गोवेकरांना २०२०पासून तिथे खेळायला बंदी! महाराष्ट्राने १९७६मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३मध्ये रद्द करून टाकला. लॉटरी मात्र राज्य सरकारचीच, १९६९पासून. छत्तीसगडने जानेवारी २०२३मध्ये नवा कायदा मंजूर करून ऑनलाइन जुगाराला तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. तोवर रास अल खैमाहच्या मांडवाची तयारी चालू झालेली असावी!

आणखी एक पळवाट होती, आणि तिच्यात आम्हा साप्ताहिकवाल्यांचाही थोडा इतिहास आहे. बक्षिसांची शब्दकोडी आठवतात? पन्नासच्या दशकात त्यांनी इतका धुमाकूळ घातला की १९५५मध्ये केंद्राला कायदा करून महिन्याच्या बक्षिसांवर हजार रुपयांची मर्यादा घालावी लागली. १९५७च्या चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जुगार हा व्यापार नव्हे, पण ज्यात कौशल्याचा मोठा वाटा आहे ती स्पर्धा म्हणजे जुगार नव्हे. पुढे १९६८मध्ये रमी आणि १९९६मध्ये घोड्यांच्या शर्यती कौशल्यात बसल्या. या धाग्याला धरून मोबाइलवरची रमी आणि क्रिकेटचे काल्पनिक संघ उजळ माथ्याने वर्षानुवर्षं चालले, भारतीय संघाच्या शर्टावर त्यांची नावं झळकली. ज्या मुलाने शर्टावरचं नाव पाहून खेळायला सुरुवात केली, त्याला ते कायदेशीर आणि 'महादेव' बेकायदा, हा फरक कसा कळावा?

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने हा फरकच पुसला. ऑनलाइन खेळांसंबंधीच्या नव्या कायद्याने, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून चालणारा प्रत्येक ऑनलाइन खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. त्याला फसलेला मानलं आहे. दर वर्षी ४५ कोटी लोक अशा खेळांत सुमारे वीस हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने त्या वेळी दिला. मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले, क्रिकेट संघाच्या शर्टावरचं नाव गेलं, कायद्याला न्यायालयात आव्हानही दिलं गेलं. ज्यांचा कारभार उघड होता ते थांबले, हे खरं. पण 'महादेव'ला आधीच्या कायद्यांनीही परवानगी नव्हतीच. तो चालायचा व्हॉट्सअॅपच्या नंबरावर आणि भाड्याच्या पासबुकावर, आणि या दोन्ही गोष्टी आजही सहज मिळतात.

म्हणून घरातल्या मोठ्यांनी काही खुणा ओळखून ठेवाव्यात. मुलाच्या नावावर बँकेची नवी खाती कोणती आणि त्यांची पासबुकं, कार्डं घरात आहेत का? त्याच्या आधारवर किती सिम आहेत? काम काय ते न सांगता लठ्ठ पगार देणारी, दुसऱ्या गावी 'कॉम्प्युटरवर बसून' करायची नोकरी कोणी आणली? सामना चालू असताना तो स्कोअर पाहतोय की भाव? विचारताना आवाज चढवू नका. रागावलेल्या घरापासून मुलगा कर्ज लपवतो, आणि लपवलेलं कर्ज फेडायला पुन्हा आयडी उघडतो. व्यसनाच्या पायरीवर पोचला असेल तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर आहे; चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. पैसे नुकतेच फसवून काढून घेतले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आली तर ती वाचते. आणि खातं कुणाला दिलं असेल, तर नोटिशीची वाट न पाहता त्याच दिवशी बँकेत जाऊन ते बंद करायला लेखी अर्ज द्यायचा, सिम आपल्या ताब्यात घ्यायचं, पोलिसांत लेखी कळवायचं आणि दोन्ही अर्जांच्या शिक्का मारलेल्या प्रती घरात जपून ठेवायच्या.